पुरात न गेलेली गाडी : डीलरशी झालेल्या वादाचा अनुभव

आमच्या नव्या गाडीत पावसाचं पाणी शिरून बिघाड झाला आणि डीलर म्हणाला, ती पुरात गेली होती, वॉरंटी मिळणार नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये हा वाद एकदाचा मिटला. तो चालू असताना मी रात्री उशिरापर्यंत मोबाईलवर शोधत बसायचे, की असं आणखी कुणाला झालंय का आणि त्यांनी पुढे काय केलं. कायद्याची कलमं सापडायची, वकिलांच्या जाहिराती सापडायच्या. पण उद्या सकाळी उठून कुठे जायचं, कोणता कागद सोबत न्यायचा, हे सांगणारं फारसं काही मिळालं नाही. म्हणून सगळं तारखांसकट लिहिते आहे. तडजोडीत नावं जाहीर न करण्याचं ठरलं आहे, त्यामुळे डीलरचं आणि कंपनीचं नाव इथे नाही.

आम्ही चिपळूणचे. घर कापसाळच्या बाजूला, चढावर. मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते, नवरा सांगलीला बँकेत. मधे कुंभार्ली घाट. दर पंधरा दिवसांनी कुणीतरी एकाने तो ओलांडायचा, म्हणून चांगली गाडी घ्यायची ठरवली. आमच्या भागात हव्या त्या मॉडेलला मोठं वेटिंग होतं, कोल्हापूरच्या डीलरकडे पाडव्याला मिळत होती. एक्स-शोरूम किंमत ११ लाख ४० हजार. नऊ लाखांचं कर्ज, पाच वर्षं, हप्ता १८,७०० च्या आसपास. सीट कव्हर, मॅट आणि डॅशकॅम, म्हणजे समोरचा रस्ता टिपणारा छोटा कॅमेरा, शोरूममध्येच बसवून घेतलं. त्याचं १६,८०० रुपयांचं वेगळं बिल झालं, आणि त्यात एक ओळ होती : डॅशकॅम फिटिंग, ६५० रुपये. ही ओळ लक्षात ठेवा. १४ नोव्हेंबर २०२३, दिवाळी पाडव्याला गाडी घरी आली.

हिवाळा आणि उन्हाळा उत्तम गेला. जून २०२४ च्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला आणि डाव्या सीटच्या पायाशी मॅट ओली दिसू लागली. आधी वाटलं छत्रीचं पाणी असेल. मग मॅट उचलून खालचं कार्पेट दाबलं, तर बोटांमधून पाणी आलं.

जूनअखेर गाडी कोल्हापूरला वर्कशॉपमध्ये नेली. सर्व्हिस ॲडव्हायझरने जॉब कार्डवर, म्हणजे गाडी दुरुस्तीला घेताना भरतात त्या कागदावर, ‘एसी चेकअप’ असं लिहिलं. मी म्हटलं, एसीबद्दल माझी काहीच तक्रार नाही, मी सांगते ते लिहा. तो म्हणाला, “मॅडम, तेच आहे ते, आमच्या भाषेत असं लिहितात.” मी सही न करता थांबले, तेव्हा त्याने खाली ‘डाव्या पुढच्या सीटच्या पायाशी पाऊस पडल्यावर पाणी साचते’ हे वाक्य घातलं. जॉब कार्डवर ग्राहकाची तक्रार लिहायला एक रकाना असतो. तो तुमच्या शब्दांत भरला गेला पाहिजे आणि त्याची प्रत तुमच्या हातात आली पाहिजे. आमच्या पुढच्या सगळ्या प्रकरणाचा पाया तेवढं एक वाक्य होतं, कारण पुराचा आरोप होण्याच्या महिनाभर आधीची तारीख त्याच्यावर होती.

एसीच्या पाण्याची नळी चोंदली होती, ती साफ केली, असं सांगून गाडी परत दिली. आठवड्यात पुन्हा पाणी. जुलैच्या मध्यावर परत वर्कशॉप. या वेळी त्यांनी गाडी काही दिवस ठेवून घेतली आणि बिलावर ‘वॉटर टेस्ट केली, ओके’ असा शेरा मारला. कार्पेट वरून वाळवलेलं होतं, पण खालचा फोम ओलाच होता. दार उघडलं की कुबट वास यायचा. मुलीला त्याने मळमळायचं, म्हणून आम्ही पावसातसुद्धा काच थोडी खाली ठेवून जायचो.

२७ जुलै, शनिवार. सांगलीहून परत येत होतो. मी गाडी चालवत होते, शेजारी सासरे, मागे मुलगी. हेळवाक सोडून घाट उतरायला लागलो आणि वायपर अर्ध्यावर थांबले. समोरची काच क्षणात पांढरी झाली. पाठोपाठ डाव्या बाजूची काच कुणी बटण न दाबता खाली गेली, डॅशबोर्डवरचे सगळे दिवे लागले आणि धोक्याचे इंडिकेटर लावायला गेले तर तेही लागेनात. त्या वळणावर मी गाडी डोंगराच्या कडेला कशी घेतली ते आता नीट आठवत नाही. बाबा छत्री घेऊन मागच्या वळणावर जाऊन उभे राहिले आणि येणाऱ्या ट्रकना हात करू लागले. सत्तरीतला माणूस, धो धो पावसात. वरून येणाऱ्या एका एसटीच्या ड्रायव्हरने बस थांबवली, कंडक्टरने चाकामागे दगड लावून दिले आणि मुलीला व बाबांना बसमध्ये घेऊन पोफळीपर्यंत सोडलं. त्या दोघांची नावं मी विचारली नाहीत. त्यांचे उपकार मात्र आमच्या घरात अजून बोलले जातात.

रस्त्यावरच्या मदतीची गाडी तीन तासांनी आली. ठरलेल्या अंतरापर्यंत ती मोफत असते, पुढचे पैसे आपण भरायचे. कोल्हापूरपर्यंतचे आमचे ४,५०० रुपये गेले. पावती घेतली.

५ ऑगस्टला वर्कशॉपमधून फोन आला. बॉडी कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे काचा, वायपर, दिवे हे सगळं चालवणारा डबा, पाण्याने खराब झालाय. त्याखालची वायरिंग गंजली आहे, कार्पेट बदलावं लागेल. अंदाजपत्रक ७४,६०० रुपये. मी म्हटलं, वॉरंटीत आहे ना? तर उत्तर आलं की गाडी पुराच्या पाण्यात गेली होती, पूर वॉरंटीत येत नाही. “चिपळूण म्हटलं की पूर आलाच ना, मॅडम.”

या वाक्याचा मला जो राग आला तो शब्दांत सांगता येत नाही. २२ जुलै २०२१ ला आमच्या बाजारपेठेत पाणी पहिल्या मजल्यापर्यंत चढलं होतं. त्यानंतरचे कित्येक दिवस आम्ही ओळखीच्यांच्या घरांतून चिखल उपसत होतो. पुरात गेलेली गाडी कशी दिसते हे चिपळूणच्या माणसाला कुणी शिकवायला नको. सीटबेल्ट ओढला की आतून वाळलेला गाळ पडतो, दाराच्या आतल्या पत्र्यावर मातीची सरळ रेघ असते, हेडलाइटच्या आत तांबडं पाणी साचतं. आमच्या गाडीत यातलं काहीही नव्हतं. डाव्या बाजूला स्वच्छ पाणी होतं, उजवी बाजू कोरडी होती.

दोन दिवसांनी वर्कशॉपच्या मॅनेजरचा फोन आला, आवाज एकदम मऊ. इन्शुरन्समधून करून देतो म्हणाले. पूर म्हणून क्लेम टाकायचा, सगळं तेच बघतील, आम्ही फक्त फॉर्मवर सही करायची आणि थोडे पैसे भरायचे. नवऱ्याला क्षणभर ते पटलं होतं, आणि त्याला दोष देता येणार नाही, कारण त्या आठवड्यात आम्ही दोघंही थकलो होतो. पण त्या फॉर्मवर, गाडी पुरात बुडाली, असं मी लिहून देणार होते. ते खोटं होतं. शिवाय एकदा तसं लिहून दिलं की वॉरंटीचा आणि नुकसानभरपाईचा हक्क कायमचा गेला, कारण डीलरची बाजू माझ्याच सहीने सिद्ध झाली असती. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट, गेला असता तो वेगळाच. असा फोन तुम्हाला आला तर एवढंच म्हणा, की हे मला ईमेलवर लिहून पाठवा. आम्ही म्हटलं. ईमेल कधी आला नाही.

१२ ऑगस्टला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत, नोंदणी क्रमांक मिळतो. एक समजून घ्यायला हवं, की हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही. ती तक्रार कंपनीकडे पाठवते आणि उत्तर मागवते. सुमारे दोन आठवड्यांनी कंपनीचं उत्तर आलं : बाहेरील पाणी शिरल्याने बिघाड, वॉरंटी लागू नाही. तक्रार बंद. वाचून रडू आलं. ग्राहक पंचायतीच्या ज्या ज्येष्ठ कार्यकर्त्यांकडे मी त्या संध्याकाळी गेले, ते मात्र म्हणाले, “ताई, हे चांगलं झालं. आतापर्यंत सगळं तोंडी होतं. आता कंपनीची भूमिका कागदावर आली.”

त्यांनीच पुढचा रस्ता दाखवला. माझी मागणी होती की गाडी परत घ्या, पैसे द्या. त्यांनी शांतपणे समजावलं की आख्खी गाडी बदलून मिळणं कठीण असतं. वॉरंटीत सदोष भाग दुरुस्त करून किंवा बदलून देण्याचं वचन असेल तर सगळी गाडी बदलून मागता येत नाही, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या एका निकालात घेतली आहे. उत्पादनातला दोष म्हणायचा तर तज्ज्ञाचा अहवाल हवा. आणि दोष नेमका कुणाचा, कंपनीचा की डीलरचा, हे आधी ठरवायला हवं. डीलर कंपनीचा नोकर नसतो, तो कंपनीकडून माल विकत घेऊन आपल्याला विकतो. गोव्यातल्या एका ग्राहकाच्या प्रकरणात २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की डीलरने केलेल्या चुकीची कंपनीला माहिती होती हे दाखवल्याशिवाय कंपनीला जबाबदार धरता येत नाही. म्हणून तक्रार करताना दोघांनाही सामनेवाले, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे ते पक्ष, करा, असा त्यांचा आग्रह होता. हा सल्ला किती मोलाचा होता ते पुढे येईलच.

तज्ज्ञाच्या अहवालासाठी सांगलीचे एक परवानाधारक सर्व्हेअर, म्हणजे गाडीच्या नुकसानीची तपासणी करणारे, तयार झाले. फी ६,००० आणि प्रवासखर्च. गाडी डीलरच्याच वर्कशॉपमध्ये होती, म्हणून तपासणीची तारीख आणि वेळ ईमेलने डीलरला आणि कंपनीला आधी कळवली आणि त्यांचा माणूस हजर ठेवायची विनंती केली. अशी सूचना दिली नाही तर नंतर ‘आमच्या मागे तपासणी केली’ म्हणायला त्यांना जागा राहते. ३० ऑगस्टला आम्ही गेलो. गेटवर बराच वेळ बसवून ठेवलं. मी फाटकाजवळूनच कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल केला, त्यानंतर आत सोडलं.

सर्व्हेअर साहेबांनी पाच मिनिटं काहीच केलं नाही, नुसती गाडी बघितली. मग विचारलं, “डॅशकॅम कुणी बसवला?”

सनरूफच्या, म्हणजे छताच्या उघडणाऱ्या काचेच्या, चौकटीत जे पाणी पडतं ते वाहून नेणाऱ्या नळ्या खांबांच्या आतून खाली जातात. पुढच्या दोन नळ्या समोरच्या काचेच्या दोन्ही बाजूंच्या खांबांमधून. डॅशकॅमची वायर लपवायला डाव्या खांबाचं प्लास्टिकचं आवरण काढलं होतं. ते परत बसवताना नळी आपल्या जागेवरून निसटली होती आणि वायर तिच्याच क्लिपमध्ये कोंबलेली होती. साहेबांनी पाण्याची बाटली सनरूफच्या कडेला हळूहळू ओतली. अर्ध्या मिनिटात डाव्या पायाशी थेंब पडायला लागले. उजव्या बाजूला तीच बाटली ओतली, पाणी चाकामागे जमिनीवर आलं. चारही सीटबेल्ट पूर्ण ओढून फोटो काढले, स्टेपनीच्या खड्ड्याचे फोटो काढले. कुठेही गाळ नाही, कुठेही मातीची रेघ नाही. सगळ्याचा सलग व्हिडिओ झाला. वर्कशॉपचा माणूस शेजारी उभा होता, त्याने हजेरीवर सही करायला नकार दिला, तेही अहवालात आलं.

आमच्या भागात पाणी आलं नव्हतं याचा सरकारी कागद हवा होता. तहसील कार्यालयात माहितीच्या अधिकाराचा अर्ज दिला, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. प्रश्न एकच : जून आणि जुलै २०२४ मध्ये आमच्या पत्त्याच्या परिसरात पुराचं पाणी शिरल्याची नोंद किंवा पंचनामा आहे का? तीस दिवसांच्या मुदतीत उत्तर आलं, अशी नोंद नाही. प्रश्न जितका नेमका आणि एकाच गोष्टीचा, तितकं उत्तर स्वच्छ मिळतं.

दरम्यान वर्कशॉपने कळवलं की गाडी नेली नाही तर रोजचे ४०० रुपये पार्किंग लागेल. गणपतीच्या आदल्या दिवशी, ६ सप्टेंबरला, आम्ही गाडी उचलून सांगलीला नेली. गेटपासवर मी लिहिलं : ‘दुरुस्ती न करता, माझे सर्व हक्क राखून व हरकतीसह ताबा घेत आहे.’ ते असं लिहू देत नव्हते. मी म्हटलं, मग पासवर सही करत नाही. शेवटी लिहू दिलं, त्याचा फोटो काढला. बॅटरीची वायर सोडवून गाडी नवऱ्याच्या कॉलनीतल्या शेडमध्ये झाकून ठेवली. पुरावा जसाच्या तसा राहावा म्हणून काहीही दुरुस्त केलं नाही. पुढचं जवळपास वर्ष मी एसटीनेच प्रवास केला. दर महिन्याच्या पाच तारखेला हप्ता कापल्याचा मेसेज यायचा, तेव्हा घरात कुणी काही बोलायचं नाही.

३ ऑक्टोबरला, घटस्थापनेला, दोघांनाही नोटीस पाठवली. पोहोच पावतीसह रजिस्टर पोस्टाने आणि ईमेलनेही. नोटीस मीच लिहिली, पंचायतीच्या काकांनी तपासली. तारखेनुसार घटना, काय मागतो आहोत, पंधरा दिवसांची मुदत. विशेषणं एकही नाही. माझ्या पहिल्या मसुद्यातला ‘निर्लज्जपणे’ हा शब्द काकांनी खोडला आणि त्याच्या जागी जॉब कार्डचा क्रमांक लिहिला. डीलरच्या वकिलांचं उत्तर आलं : सर्व आरोप खोटे, बदनामीचा दावा करू. कंपनीचं उत्तर आलंच नाही.

मग जिल्हा ग्राहक आयोग. डीलर कोल्हापूरचा, मग खटला तिथेच चालवावा लागेल अशी मला भीती होती. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा, जो २० जुलै २०२० पासून लागू झाला, त्यानुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या जिल्हा आयोगातही तक्रार करता येते. म्हणजे आमच्यासाठी रत्नागिरी. वस्तूसाठी मोजलेली रक्कम पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. पाच लाखांपर्यंत फी नाही, पाच ते दहा लाखांना २००, दहा ते वीस लाखांना ४००. आमची ४०० भरली. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते, त्यामुळे वाट बघत बसू नका. वकील लावलाच पाहिजे असं नाही, स्वतः उभं राहता येतं. मी स्वतःच उभी राहिले, तक्रारही मराठीत लिहिली.

डिसेंबर २०२४ च्या सुरुवातीला ई-दाखिल पोर्टलवर तक्रार भरली. अनुक्रमणिका, तक्रार, शपथपत्र, मग कागद तारखेच्या क्रमाने. प्रत्येक पानावर क्रमांक आणि ‘खरी प्रत’ म्हणून सही. छाननीत त्रुटी निघाल्या : काही फोटोंच्या पानांवर क्रमांक नव्हते आणि व्हिडिओच्या पेन ड्राइव्हबरोबर तो मीच घेतला असल्याचं प्रमाणपत्र हवं होतं. त्या दुरुस्त करेपर्यंत नवीन वर्ष उजाडलं, आणि १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती हे नवं पोर्टल सुरू झालं. काही दिवस माझी तक्रार कुठेच दिसेना. आयोगाच्या कार्यालयात फोन केला, तिथल्या लिपिक बाईंनी न कंटाळता क्रमांक शोधून दिला आणि छापील संच किती लागतील तेही सांगितलं : आयोगासाठी आणि प्रत्येक सामनेवाल्यासाठी वेगळा. झेरॉक्स, नोटरी, पेन ड्राइव्ह मिळून २,१०० रुपये गेले.

जानेवारीच्या शेवटी पहिली तारीख. चिपळूणहून रत्नागिरी नव्वद किलोमीटर, पहाटेच्या एसटीने गेले. हॉलमध्ये काळे कोट बघून पोटात गोळा आला. माझं प्रकरण पुकारलं गेलं, दोन प्रश्न विचारले : गाडी कशासाठी वापरता, व्यवसायासाठी तर नाही ना, आणि गाडी आत्ता कुठे आहे. तक्रार दाखल करून घेतली, नोटिसा निघाल्या. सगळं मिळून पाच-सात मिनिटं. मी बाहेर येऊन चहा घेतला आणि नवऱ्याला फोन केला. नोकरी करणाऱ्यांनी मात्र हे लक्षात घ्यावं, की पाच मिनिटांच्या कामाला अख्खी रजा लागते.

सामनेवाल्यांना म्हणणं मांडायला नोटीस मिळाल्यापासून तीस दिवस मिळतात, आयोगाला ती मुदत आणखी पंधरा दिवसांनी वाढवता येते. त्यापुढे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये पक्कं केलं आहे. डीलरने वाढीव मुदत संपता संपता म्हणणं दिलं. त्यात तोच पूर.

कंपनीचं म्हणणं त्याच्या आधी आलं होतं. इंग्रजीत, जाडजूड, बहुतेक मजकूर ठरावीक साच्यातला. मी रात्री शब्दकोश घेऊन पान न् पान वाचलं. शेवटच्या जोडपत्रांमध्ये एक तक्ता होता. जुलै २०२४ मध्ये डीलरने कंपनीकडे वॉरंटीचा क्लेम पाठवला होता. कारण लिहिलं होतं : सनरूफची डावी पुढची नळी जागेवरून निसटलेली. कंपनीने तो क्लेम नाकारला होता. शेरा : डीलरने ॲक्सेसरी बसवताना झालेला दोष, वॉरंटीत बसत नाही.

तारीख १९ जुलै होती. म्हणजे ज्या फेरीत त्यांनी आम्हाला ‘वॉटर टेस्ट ओके’ लिहून दिलं, त्याच फेरीत त्यांना नळी सापडली होती. पैसे कंपनीकडून मिळणार नाहीत हे कळल्यावर आम्हाला काहीच सांगितलं नाही. आठ दिवसांनी त्याच गाडीत मी मुलीला आणि सासऱ्यांना घेऊन घाट उतरत होते.

कंपनीने तो कागद स्वतःच्या बचावासाठी जोडला होता, आमच्यावर दया म्हणून नव्हे. पण एकट्या डीलरला सामनेवाला केलं असतं तर तो आम्हाला कधीच दिसला नसता. काकांचा आग्रह मला त्या रात्री कळला.

पुढच्या तारखेला मी आयोगापुढे एवढंच म्हटलं, की कंपनीच्या जोडपत्राकडे लक्ष द्यावं. अध्यक्षांनी ते वाचलं आणि डीलरच्या वकिलांना विचारलं, मध्यस्थीचा विचार आहे का? २०१९ च्या कायद्यात ही सोय आहे. दोन्ही बाजूंनी पाच दिवसांत लेखी संमती दिली तर प्रकरण आयोगाच्या मध्यस्थी कक्षाकडे जातं. मला आधी नको वाटत होतं. वाटलं, आता निकाल लागू दे, सगळ्यांना कळू दे. पण निकाल डीलरच्या विरोधात गेला तर तो राज्य आयोगात अपील करणार, त्यात आणखी काही वर्षं, आणि गाडी शेडमध्येच. बाबा म्हणाले, “तुला गाडी हवी आहे की त्यांची फजिती?” मी संमती दिली.

मध्यस्थ एक अनुभवी वकील बाई होत्या. मे ते जुलै बैठका झाल्या. तिथे जे बोललं जातं ते बाहेर वापरता येत नाही, त्यामुळे माणसं जरा मोकळी बोलतात. डीलरने आधी निम्मा दुरुस्तीखर्च देऊ केला. मी एका कागदावर खर्चाचा हिशोब नेला होता, प्रत्येक आकड्यामागे पावतीचा क्रमांक : टोइंग, सर्व्हेअर, प्रवास, कागदपत्रं. नुकसानभरपाई मागताना ‘मानसिक त्रासापोटी पाच लाख’ असा गोल आकडा न टाकता हा कागद पुढे केला, तर समोरच्याला बोलणं भाग पडतं. मध्यस्थ बाईंनी शेवटी तोच कागद धरून चर्चा केली. घाटातल्या प्रसंगाबद्दल मी बोलत असताना डीलरचे मालक पहिल्यांदाच स्वतः आलेले होते. ते खाली मान घालून ऐकत होते. मग म्हणाले, “ताई, हे मला माहीत नव्हतं.” मी ते खरं मानायचं ठरवलं.

असं ठरलं : मॉड्यूल, वायरिंग आणि कार्पेट फोमसकट नवीन, सगळं डीलरच्या खर्चाने. दुरुस्तीची जागा कंपनीने निवडलेलं दुसरं वर्कशॉप. विद्युत भागांवर आणखी दोन वर्षांची लेखी हमी, कंपनीच्या शिक्क्यासह. खर्च आणि त्रास मिळून ६५,००० रुपये, तीस दिवसांत बँकेत. दोन्ही बाजूंनी नावं जाहीर करायची नाहीत. मसुद्यात ‘योग्य ती दुरुस्ती’ असा शब्दप्रयोग होता, तो काढून बदलायच्या भागांचे क्रमांक घालून घेतले. ऑगस्टमध्ये तडजोडीचा अहवाल आयोगापुढे आला आणि त्यानुसार आदेश झाला. असा आदेश पाळला नाही तर त्याच आयोगात अंमलबजावणीचा अर्ज करता येतो. आम्हाला ती वेळ आली नाही, पैसे मुदतीत आले.

गाडी सप्टेंबरमध्ये मिळाली. ताबा घेण्याआधी मी वर्कशॉपमध्ये पाण्याची चाचणी समोर करून मागितली, सनरूफच्या चारही कोपऱ्यांत पाणी ओतून. डाव्या खांबाचं आवरण उघडून नळीचा फोटो काढला, जुना मॉड्यूल काढल्याची नोंद जॉब कार्डवर घेतली. डॅशकॅम परत लावला नाही.

आणखी एक. मध्यस्थीत तडजोड झाली तर तक्रारदाराला भरलेली फी पूर्ण परत मिळते, असा नियम आहे. हे कुणी आपणहून सांगत नाही. आदेशाची प्रमाणित प्रत, फी भरल्याची पावती आणि बँकेच्या पासबुकाची झेरॉक्स जोडून आयोगाच्या कार्यालयात साधा अर्ज द्यायचा. मी दिला आहे. ४०० रुपये यायचे आहेत.